पडद्याआधीचा कागद

धरण फुटते. पाण्याचा लोंढा दरीत कोसळतो आणि एकमेकांचे तोंडही न पाहण्याची शपथ घेतल्यासारखे वागणारे दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान, अखेरच्या क्षणी एकमेकांचा हात धरतात. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'शेजारी' या चित्रपटाचा हा शेवट. 1941 साली तो पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांच्या तोंडी व्ही. शांतारामांचे नाव होते, केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांच्या अभिनयाची तारीफ होती, मास्टर कृष्णरावांच्या चाली होत्या. धरण फुटल्याचे दृश्य कसे घेतले असेल, याचीही चर्चा होती. पण ते धरण सर्वांत आधी फुटले कागदावर. कागदावर ते फोडणारा लेखक अमरावतीत जन्मला होता.

विश्राम बेडेकर. पूर्ण नाव विश्वनाथ चिंतामणी बेडेकर. जन्म 13 ऑगस्ट 1906, अमरावती. मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत 'रणांगण' या एकाच कादंबरीमुळे, नाट्यप्रेमींना 'टिळक आणि आगरकर' या नाटकामुळे. आयुष्याची तीन-साडेतीन दशके त्यांनी चित्रपटासाठी लिहिण्यात आणि चित्रपट दिग्दर्शित करण्यात घालवली, ही गोष्ट मात्र त्यांच्या परिचयात एखाद्या वाक्यात उरकली जाते. आणि ज्या जागीरदारांनी 'शेजारी'तला मिर्झा अजरामर केला, तेही अमरावतीचेच; जन्म 2 एप्रिल 1907. वर्षभराच्या आत एकाच गावात जन्मलेले हे दोघे पुढे पुण्यात, प्रभातनगरात, एकाच चित्रपटाच्या कागदावर आणि पडद्यावर भेटले. वऱ्हाडने मराठी चित्रपटाला काय दिले, असे कोणी विचारले तर उत्तराची सुरुवात इथून करायला हवी.

पटकथाकार नेमके काय करतो आणि मराठीत हे काम कसे घडत गेले, हे समजून घ्यायला बेडेकरांची कारकीर्द फार उपयोगी पडते. त्यासाठी मूकपटांपासून सुरुवात केली पाहिजे.

आवाज नसताना लेखक काय करत होता?

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यावर माणसे हलत होती पण बोलत नव्हती. मग लेखकाला काम तरी काय, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे दोन मोठी कामे होती. पहिले, गोष्टीची दृश्यांत वाटणी करणे: काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे आणि काय गाळायचे. दुसरे, दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या पाट्या लिहिणे. पाटी लांबली की चित्र थांबायचे आणि प्रेक्षक चुळबुळ करायचा. आखूड झाली की गोष्ट कळायची नाही. त्यात निम्म्याहून अधिक प्रेक्षकांना अक्षरओळख नसायची. म्हणून अनेक ठिकाणी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस थिएटरात उभा असे. म्हणजे पाटी डोळ्यांसाठी लिहायची आणि ती कानांनाही चालली पाहिजे, असा तो दुहेरी कस होता.

बहुतेक मूकपट पौराणिक किंवा ऐतिहासिक असत, त्याचे एक कारण इथेच आहे. हरिश्चंद्राची गोष्ट ठाऊक नसलेला प्रेक्षक सापडणे कठीण. आधीच माहीत असलेल्या कथेला पाट्या थोड्या पुरतात. आजच्या काळातली, कोणीच न ऐकलेली गोष्ट मूकपटातून सांगायची तर पटकथेवरच सगळा भार येणार. तो भार पेलून दाखवणारा मराठी मूकपट म्हणजे बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (1925). कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जात बुडालेला शेतकरी, जमीन गिळणारा सावकार आणि शेवटी गाव सोडून शहरातल्या गिरणीकडे वळलेली पावले. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांतारामांनी केले होते. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत; तरी लोकांना गोष्ट कळली. वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तर ती समजावून सांगायची गरजच नव्हती. आपटे पुढे बोलपटांतही रमले. 'कुंकू' (1937) हा त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा.

आपटे कादंबरीकार होते. भालजी पेंढारकर नाटकाच्या वातावरणातून आले आणि मूकपटांच्या काळातच लेखन-दिग्दर्शनात शिरले. खुद्द फाळक्यांनी 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. आपल्या धंद्याबद्दल विचार करून तो शब्दांत मांडणारा तो आपल्याकडचा पहिला चित्रपटकार. म्हणजे मराठीत चित्रपटासाठी लिहिणे आणि चित्रपटाविषयी लिहिणे ही दोन्ही कामे अगदी सुरुवातीपासून शेजारी-शेजारी नांदत होती.

पाहणाऱ्याचे लिहिणाऱ्यात रूपांतर

चित्रपटांविषयी लिहिणारा माणूस पुढे चित्रपटच लिहू लागला, हे जगभर घडले. अमेरिकेत फ्रँक वुड्स हा पत्रकार 'न्यूयॉर्क ड्रामॅटिक मिरर' या साप्ताहिकात 'स्पेक्टेटर' या टोपणनावाने चित्रपटांवर लिहीत असे. नाटकांच्या पंक्तीला चित्रपटाला बसवून त्याची गंभीरपणे चिकित्सा करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. हाच माणूस पुढे डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा सहकारी झाला आणि 'द बर्थ ऑफ अ नेशन' (1915) या चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता. तो चित्रपट तंत्राच्या दृष्टीने जितका प्रभावी, तितकाच कृष्णवर्णीयांच्या चित्रणात विषारी. लेखणीच्या ताकदीसोबत तिची जबाबदारीही येते, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. फ्रान्समध्ये लुई देल्युक आधी समीक्षक होता, मग पटकथाकार आणि दिग्दर्शक झाला. 1924 साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाचा पुरस्कार फ्रेंच चित्रपटात आजही मानाचा समजला जातो.

मराठीत या वाटेने आलेले ठळक नाव म्हणजे के. नारायण काळे. साहित्य-नाट्य समीक्षक, कवी, संपादक. 1933 साली 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचे दिग्दर्शन त्यांचे. तिथून ते 'प्रभात'मध्ये गेले, 'अमरज्योती'त दिसले आणि 'वहाँ' (1937) व 'माझा मुलगा' (1938) हे चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. पुढे स्तानिस्लाव्हस्कीचा अभिनयावरचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

समीक्षकाला लेखनाची ओढ का लागते, याचे कारण कामातच आहे. चित्रपट मनापासून पाहणारा माणूस दृश्यागणिक विचार करत असतो: इथे हे का दाखवले, ते का लपवले, हा माणूस आत्ताच का आला. हेच प्रश्न पटकथाकाराला आधी सोडवावे लागतात. समीक्षक त्यांच्याकडे उलट्या बाजूने येतो, एवढाच फरक. बेडेकर वृत्तपत्री समीक्षक नव्हते. पण त्यांची नजर याच जातीची होती. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'एक झाड आणि दोन पक्षी' (1984). मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. जगताना स्वतःकडे तटस्थपणे पाहण्याची ही सवय पटकथा लिहिणाऱ्याला रोज लागते.

वऱ्हाडची रंगभूमी, रेल्वे आणि कापूस

बेडेकर ज्या अमरावतीत वाढले ते गाव तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. कारभार नागपूरकडे, पण मन मराठी नाटकाकडे. कापसाच्या व्यापाराने अमरावती, अकोला, खामगाव या गावांत पैसा खेळत होता आणि मुंबईहून नागपूरकडे जाणारा रेल्वेमार्ग अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून जात होता. संगीत नाटक कंपन्यांना दौऱ्यासाठी आणखी काय हवे? पडदे, पेट्या, तबले आणि तीसचाळीस माणसांचे बिऱ्हाड घेऊन कंपन्या वऱ्हाडात उतरत आणि गावोगावचे रसिक त्यांची वाट पाहत.

पण वऱ्हाड नुसते पाहत नव्हते, लिहीतही होते. मराठी विनोदाला नवे वळण देणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1871 साली जन्मले आणि वकिलीच्या निमित्ताने वऱ्हाडात स्थिरावले. जळगाव-जामोद येथे राहून त्यांनी नाटके लिहिली, विनोदी लेख लिहिले आणि परखड परीक्षणेही लिहिली. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. अमरावतीचे वीर वामनराव जोशी तर स्वातंत्र्यचळवळीतले लढवय्ये आणि नाटककारही. त्यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' 'ललितकलादर्श'ने गाजवले आणि 'रणदुंदुभी' (1927) बळवंत संगीत मंडळीने. स्वातंत्र्याची आस नाटकाच्या पदांतून लोकांच्या ओठी नेण्याचे काम 'रणदुंदुभी'ने केले.

बळवंत संगीत मंडळी म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांची कंपनी. वामनरावांच्या पाठोपाठ या कंपनीसाठी लिहिणारा दुसरा अमरावतीकर म्हणजे विश्राम बेडेकर.

नाटकाकडून बोलपटाकडे

बेडेकरांचे 'ब्रह्मकुमारी' हे नाटक 1933 मध्ये बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. विषय अहल्येचा. पण काळ बदलला होता. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' बोलला आणि 6 फेब्रुवारी 1932 रोजी 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. ज्या गाण्यांसाठी लोक रात्रभर नाटकाला बसत, ती गाणी आता काही आण्यांत पडद्यावर ऐकू येऊ लागली. एकामागून एक नाटक कंपन्या मोडू लागल्या.

बळवंत मंडळीने धाडस केले. सांगलीत 'बळवंत पिक्चर्स' उभी राहिली आणि 'कृष्णार्जुन युद्ध' (1934) हा पहिला बोलपट निघाला. दिग्दर्शक दोघे: चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर. दीनानाथांसारखा गायक-नट हाताशी असूनही कंपनीला चित्रपटाचा धंदा पेलला नाही. या अपयशाने दीनानाथ आर्थिकदृष्ट्या खचले आणि 1942 मध्ये अकालीच गेले.

त्या काळातल्या अनेक नाटकी बोलपटांची अडचण एकच होती. रंगमंचावर नट समोरच्या हजार माणसांशी बोलतो. पडद्यावर कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ येतो. रंगमंचावर 'मी संतापलो आहे' हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागते. पडद्यावर ओठांची एक हालचाल पुरते. प्रवेशामागून प्रवेश रचून, मध्ये पदे घालून नाटक तयार होते. तोच साचा जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर ठेवला की चित्रपट जागच्या जागी थांबतो. बोलायला मिळाले म्हणून सुरुवातीचे बोलपट बोलतच राहिले आणि मूकपटांनी कष्टाने कमावलेली दाखवण्याची कला काही वर्षे मागे पडली. बेडेकर नेमके या वळणावर चित्रपटात आले. नाटकाचा शब्द त्यांच्या हातात होता. तो कमी कसा करायचा, हे त्यांना शिकायचे होते.

1935 मध्ये त्यांनी 'ठकीचे लग्न' हा विनोदी चित्रपट केला. त्यातली ठकी मूळची गडकऱ्यांच्या विनोदी लेखनातली. म्हणजे वऱ्हाडच्या कोल्हटकरांनी रुजवलेली, गडकऱ्यांनी फुलवलेली विनोदाची परंपरा अमरावतीच्या माणसाने पडद्यावर नेली. त्याच वर्षी 'सत्याचे प्रयोग' आणि पुढच्या वर्षी 'अंधेरी दुनिया' झाला. मग बेडेकरांनी एक निर्णय घेतला, जो त्या काळच्या मराठी चित्रपटलेखकाने क्वचितच घेतला असेल: चित्रपटाचे शिक्षण घेण्यासाठी ते 1938 मध्ये इंग्लंडला गेले. त्याच वर्षी त्यांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशी झाला होता. 'कळ्यांचे निःश्वास' (1933) लिहून सगळा महाराष्ट्र ढवळून काढणाऱ्या 'विभावरी शिरूरकर' त्या याच.

बोटीवरची कादंबरी

युरोप तेव्हा युद्धाच्या तोंडावर उभा होता. हिटलरच्या जर्मनीतून ज्यू कुटुंबे मिळेल त्या बोटीने पळत होती. परतीच्या समुद्रप्रवासातून 'रणांगण' जन्मली आणि 1939 मध्ये प्रसिद्ध झाली. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू निर्वासित स्त्री, यांची ही गोष्ट. बोट चालू आहे तोवरच त्यांचे नाते. मुंबईचा किनारा आला की ताटातूट ठरलेली.

चित्रपटाच्या विद्यार्थ्याने ही कादंबरी रचनेसाठी वाचावी. जागा एकच, बोट. काळ मोजका, प्रवासाचे दिवस. पात्रे निरनिराळ्या देशांतली, पण सगळी एकाच डेकवर अडकलेली. कोणी कोणापासून दूर जाऊ शकत नाही. आणि घड्याळ सतत पुढे सरकते आहे, कारण बंदर जवळ येते आहे. जागेची मर्यादा, काळाचा दाब आणि माणसांतला ताण: पटकथा याच तिन्हींवर उभी राहते. बेडेकरांनी कादंबरी एकच लिहिली, पण तिच्यात चित्रपटाने शिकवलेली काटकसर पुरेपूर उतरली आहे.

'शेजारी': पटकथा कशी काम करते

इंग्लंडहून परतलेले बेडेकर 'प्रभात'मध्ये आले आणि त्यांनी 'शेजारी'ची कथा लिहिली. एका गावात जिवबा आणि मिर्झा हे जिवाभावाचे शेजारी. धरण बांधू पाहणाऱ्या ओंकारला गावाची जमीन हवी आहे आणि गाव ती देत नाही, कारण गाव एकजुटीचे आहे. मग तो जमिनीचा नाद तात्पुरता सोडून एकजुटीलाच हात घालतो. गैरसमज पेरले जातात, दोन घरांत दरी पडते आणि त्या दरीतून धरण उभे राहते.

इथे लेखकाची पहिली मोठी निवड दिसते. हिंदू-मुसलमान तेढीवर चित्रपट काढायचा तर धर्मावरचे वाद घालता आले असते, दोन्ही बाजूंची व्याख्याने देता आली असती. बेडेकरांनी भांडणाचे मूळ धर्मात ठेवलेच नाही; ते जमिनीत ठेवले. कोणाला तरी काही हवे आहे आणि त्यासाठी कोणाला तरी लढवायचे आहे. मार्च 1940 मध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. देश फाटण्याची भाषा उघडपणे बोलली जात होती. त्या हवेत दहा महिन्यांच्या आत आलेला हा चित्रपट तेढीचा फायदा कोणाला होतो, हे नेमके दाखवत होता.

दुसरी निवड धरणाची. हे धरण गोष्टीत तीन कामे करते. ते भांडणाचे कारण आहे, म्हणून कथानक पुढे सरकते. ते डोळ्यांदेखत वाढत जाते, म्हणून मित्रांतला दुरावा शब्दांशिवाय दिसत राहतो. आणि ते फुटते, म्हणून शेवट मिळतो. एका वस्तूकडून इतके काम करून घेणे हे पटकथेचे खरे कौशल्य. नाटकात धरण आणता येत नाही. कादंबरीत आणले तर त्याचे वर्णन करावे लागते. पडद्यावर ते नुसते उभे राहिले तरी बोलते.

तिसरी गोष्ट भाषेची. 'प्रभात'चे अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी तयार होत. तोच सेट, तेच प्रकाशयोजनेचे काम, पण प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित व्हायचा. 'शेजारी'चा हिंदी अवतार 'पडोसी'. त्याचे संवाद पंडित सुदर्शन यांचे. मराठीत जिवबाचे काम केशवराव दात्यांनी केले, तर हिंदीत त्याच्या जागच्या ठाकूरचे काम मझहर खान यांनी. मिर्झा दोन्हींत जागीरदारच. हिंदीत मुसलमान नटाने हिंदू म्हातारा उभा केला आणि हिंदू नटाने मुसलमान. चित्रपटाला जे म्हणायचे होते ते पात्रवाटपानेच सांगून टाकले.

पटकथेच्या दृष्टीने यातला मुद्दा महत्त्वाचा आहे. संवाद बदलले, भाषा बदलली, एक मुख्य नट बदलला. तरी चित्रपट तोच राहिला. म्हणजे पटकथा संवादांत नसते. ती प्रसंगांच्या क्रमात, कारणांच्या साखळीत आणि योग्य क्षणी धरलेल्या मौनात असते. 'संवाद चांगले आहेत' म्हणून लेखकाचे कौतुक करणारा प्रेक्षक त्याच्या कामाचा सर्वांत दिसणारा, पण सर्वांत लहान भाग पाहत असतो. बेडेकरांनी मूकपट लिहिले नाहीत. मूकपटांनी शिकवलेले सूत्र मात्र 'शेजारी'त पक्के बसलेले आहे.

न्यायाधीश, शाहीर आणि क्रांतिकारक

'शेजारी'नंतर शांताराम 'प्रभात'मधून बाहेर पडले. कंपनीचे सुवर्णयुग ओसरत असताना 'रामशास्त्री' (1944) आला. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल सत्ताधारी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशाची ही कथा. दिग्दर्शनाची धुरा राजा नेने, बेडेकर आणि जागीरदार यांच्याकडून फिरत पूर्ण झाली आणि शीर्षक भूमिका जागीरदारांनी केली. 'शेजारी'नंतर अमरावतीत जन्मलेले हे दोघे पुन्हा एका चित्रपटाशी जोडले गेले. ऐतिहासिक चित्रपट म्हटला की लढाया, घोडे आणि तलवारी. इथे चित्रपटाचा कळस आहे एका वृद्ध शास्त्र्याच्या तोंडचा निवाडा. इंग्रजी राजवटीत, 1942 च्या चळवळीनंतर दोनच वर्षांनी, सत्तेपुढे न झुकणाऱ्या न्यायाची गोष्ट सांगणे हे लोकांना नीट कळत होते.

बेडेकरांच्या पुढच्या कामाचा पसारा मोठा आहे. 'पहिला पाळणा' (1942), 'लाखाराणी' (1945), 'चूल आणि मूल' (1947), 'क्रांतिवीर वासुदेव बळवंत' (1950). शाहीर होनाजी बाळाच्या जीवनावरच्या शांतारामांच्या 'अमर भूपाळी' (1951) या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. तो चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाचे तिथे कौतुक झाले. फिरदौसीच्या 'शाहनामा'तल्या पितापुत्रांच्या शोकांतिकेवर त्यांनी हिंदीत 'रुस्तम सोहराब' (1963) दिग्दर्शित केला. पृथ्वीराज कपूर आणि प्रेमनाथ त्यात होते, संगीत सज्जाद हुसेन यांचे आणि सुरैयाचा हा पडद्यावरचा अखेरचा चित्रपट. 1970 चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' फारसा चालला नाही. पण त्यातल्या पृथ्वीराज कपूरच्या भयानक मुखवट्यातल्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक घाबरतात, हे निर्मात्याच्या मुलांनी हेरले. ती मुले म्हणजे रामसे बंधू आणि तिथून हिंदीतल्या भयपटांची एक आख्खी परंपरा सुरू झाली.

चित्रपट बाजूला ठेवल्यावर बेडेकर पुन्हा नाटकाकडे वळले. 'टिळक आणि आगरकर' (1980) हे त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक. दोन जिवलग मित्र, एक ध्येय, आणि मग मार्ग वेगळे झाल्यावर पडलेली दरी. 'शेजारी'पासून चाळीस वर्षांनी तेच सूत्र इतिहासातल्या खऱ्या माणसांच्या रूपाने पुन्हा वर आले. आत्मचरित्राला 1985 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मुंबईतल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. 30 ऑक्टोबर 1998 रोजी ते गेले.

वऱ्हाडने आता काय करावे

चित्रपटाच्या धंद्यात 'सी.पी. बेरार' हे नाव आजही चालते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड ही प्रशासकीय नावे इतिहासजमा झाली, पण वितरणाच्या नकाशावर ती टिकली आणि त्या वितरणाचे एक मोठे ठाणे म्हणून अमरावतीची ओळख राहिली. चित्रपटांच्या रिळांच्या पेट्या या गावातून अकोल्याला, यवतमाळला, खामगावला, जत्रांतल्या तंबूंपर्यंत गेल्या. वऱ्हाडला आपण चित्रपट पाहणारा प्रदेश म्हणून ओळखतो. तो चित्रपट लिहिणारा प्रदेशही आहे, ही ओळख अजून रुजलेली नाही.

ती रुजवायला स्मारकांची गरज नाही. जागीरदार 1960 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पहिले प्रमुख झाले. ती संस्था 'प्रभात'च्याच आवारात सुरू झाली, जिथे 'शेजारी' घडला होता. जिथे चित्रपट तयार होत होते तिथे ते शिकवले जाऊ लागले आणि त्या शिकवण्याची सुरुवात अमरावतीत जन्मलेल्या माणसाने केली. हाच धागा अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी पुढे न्यावा. मराठीच्या वर्गात 'रणांगण' शिकवली जाते, तशी त्याच तासाला 'शेजारी'ची पटकथाही प्रसंगवार उलगडून दाखवावी. विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहून त्याच्या प्रसंगांची यादी करावी, प्रत्येक प्रसंग का आहे ते लिहावे आणि मग त्यातला एक काढून टाकला तर काय कोसळते ते तपासावे. यातून एखादा चांगला समीक्षक घडेल, एखादा चांगला लेखक घडेल आणि बाकी सगळे निदान जाणते प्रेक्षक होतील.

आज वऱ्हाडातली तरुण मुले मोबाईलवर चित्रफिती तयार करतात, लघुपट काढतात, वऱ्हाडी बोलीत संवाद लिहितात. त्यांच्याजवळ कॅमेरा आहे, भाषा आहे, सांगायला पुष्कळ आहे. त्यांना सर्वांत जास्त कशाची गरज असेल तर ती कागदावर आधी विचार करण्याच्या सवयीची. कापसाचे भाव, कर्ज, स्थलांतर, दोन शेजाऱ्यांतले भांडण: 'सावकारी पाश' आणि 'शेजारी'चे विषय वऱ्हाडात आजही जिवंत आहेत. ते कसे सांगायचे याचा एक भक्कम धडा त्यांच्याच मातीत जन्मलेल्या लेखकाने घालून दिलेला आहे. भांडणाचे खरे कारण शोधा, ते एका दिसणाऱ्या वस्तूत उभे करा आणि पात्रांना गरजेपुरतेच बोलू द्या. विश्राम बेडेकरांचे चित्रपट लक्ष देऊन पाहिले तर हे तिन्ही नियम तिथे काम करताना सापडतात आणि ते शिकायला अमरावतीहून लंडनला जाण्याची आता गरज नाही.